इनेच्या धक्क्यावर, बाबांबरोबर

पहिला दिवस

बाबा ओसाकाला माझ्याकडे आले, त्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, "देवळं, बागा, किल्ले, तू म्हणशील ते बघेन. पण मला एक बंदर दाखव. मोठं नको. जिथे माणसं एकमेकांना नावाने हाका मारतात, असं." रेवदंड्याच्या कोळीवाड्यात वाढलेला माणूस. आजोबांची डोल होती, म्हणजे पाण्याच्या ओढीवर मासळी धरणारं जाळं. नोकरी लागेपर्यंत बाबाही त्यांच्याबरोबर होडीवर जात. नोकरीची बत्तीस वर्षं गेली, पण अजूनही सकाळी उठल्यावर ते आधी वारा कुठला आहे ते बघतात.

मी इने निवडलं. क्योतो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देवळं येतात. पण क्योतो प्रांताचं उत्तरेचं टोक थेट जपानच्या समुद्राला भिडतं. तिथल्या तांगो द्वीपकल्पाच्या कुशीत हे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास.

क्योतोहून गाडीने आमानोहाशिदातेला पोचायला दोन तास लागले. समुद्रात साडेतीन किलोमीटरहून लांब गेलेली वाळूची पट्टी, तिच्यावर पाइनची हजारो झाडं, आणि डोंगरावरून वाकून पायांमधून ती उलटी बघायची जुनी रीत. जपानच्या तीन प्रसिद्ध देखाव्यांत तिची गणना होते. आम्ही ती बघितली, फोटो काढले आणि बस पकडली. बाबांचं लक्ष पुढच्या रस्त्यावर होतं.

बस तासभर किनाऱ्याकिनाऱ्याने जाते. दर वळणावर एखादं चिमुकलं बंदर, पाच-सात होड्या, वाकड्या हातासारखा समुद्रात शिरलेला बांध. अशाच एका बांधाच्या टोकाचा लाल दिवा बघून बाबा एकदम सरळ बसले. "हा चुकीच्या बाजूला आहे." चुकीच्या नव्हता. बंदरात शिरताना आपल्याकडे लाल दिवा डाव्या हाताला ठेवतात, जपानात उजव्या हाताला. जगात दिव्यांच्या दोन पद्धती आहेत आणि आपण एकीत, जपान दुसरीत. मी हे वाचलेलं होतं, पण खिडकीतून बघून चूक पकडणं मला जमलं नसतं. तेव्हाच मला वाटलं, या गावात मी फक्त दुभाषी असणार आहे, बघणारे बाबाच.

इनेला उतरलो तेव्हा बारीक पाऊस लागला होता. डिसेंबरचा पहिला आठवडा. तांगोकडे एक म्हण आहे, जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. दिवसातून चार वेळा ऊन आणि चार वेळा पाऊस बघितल्यावर ती पटली.

आमची राहायची जागा एका फुनायात होती. 'फुनाया' म्हणजे होडीचं घर. खाली होडी, वर माणूस. इनेच्या खाडीला सुमारे पाच किलोमीटरचा किनारा आहे आणि त्यावर अशी दोनशे तीसच्या आसपास घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. पुढचा पाय समुद्रात, पाठ डोंगराला. खालच्या मजल्याला समुद्राच्या बाजूने भिंतच नाही. जमीन उतरती होत होत पाण्यात जाते आणि होडी त्या उतारावरून आत ओढून घेता येते. आपण दारात सायकल आत घेतो, तशी.

यजमानीणबाई सत्तरीच्या. त्यांना सगळे ओबासान म्हणत, आम्हीही तेच म्हटलं. त्यांनी दिवा लावला आणि बाबा सामान तिथेच ठेवून खाली उताराशी जाऊन उकिडवे बसले. भिंतीवर पाण्याच्या रेषेशी हिरवट शेवाळाचा पट्टा होता. बाबांनी त्यावर वीत टेकवली, एकदा, दुसऱ्यांदा. मग माझ्याकडे वळून बघितलं.

"भरती कुठे आहे?"

मी ओबासानना विचारलं. त्या म्हणाल्या, हीच. आणि ओहोटी? तीही जवळपास हीच. वर्षभरात मिळून इथलं पाणी अर्ध्या मीटरच्या आसपास वरखाली होतं.

ज्याने समुद्राकाठी दिवस काढले नाहीत त्याला यात काय मोठंसं वाटणार नाही. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. रेवदंड्यालाही सकाळी ज्या होड्या चिखलात आडव्या पडलेल्या असतात, त्याच दुपारी पाण्यावर डोलतात. आमच्याकडे सगळा दिवस पाणी ठरवतं: कधी निघायचं, कधी परतायचं, कधी जेवायचं. उंबऱ्याशी होडी बांधायचा विचारसुद्धा आमच्याकडे कुणी करणार नाही. इथे माणसाने समुद्राला घराचा तळमजला दिला आहे, कारण समुद्र तिथे शहाण्यासारखा राहतो.

शिवाय ही खाडी दक्षिणेला तोंड करून बसली आहे. जपानच्या समुद्राकडे हिवाळ्यात जोराचा वारा येतो तो वायव्येकडून. तो डोंगर अडवतात. खाडीच्या तोंडाशी आओशिमा नावाचं दाट झाडीचं बेट आहे, ते लाटा अडवतं. ज्या कामासाठी सरकारं कोट्यवधी खर्चून बांध घालतात, ते इथे डोंगराने आणि बेटाने आधीच करून ठेवलंय.

रात्री अंथरुणाखालून पाण्याचा आवाज येत होता. लाटेचा नाही, चुळुक चुळुक असा. बाबा अंधारात म्हणाले, "होडीत झोपल्यासारखं वाटतंय." आणि लगेच झोपले.

दुसरा दिवस

पहाटे पाचला मी उठले तेव्हा बाबा आधीच उठून खिडकीशी बसले होते. मोठ्या जाळ्याच्या होड्या दिवे लावून खाडीबाहेर निघाल्या होत्या. ओबासाननी आदल्या रात्रीच फोन करून आम्हाला धक्क्यावर यायची परवानगी काढून ठेवली होती. अट एवढीच, की पिवळ्या रेघेच्या आत यायचं नाही आणि काम चालू असताना मध्ये बोलायचं नाही.

धक्का छोटा. पण त्यावर काय काय आहे ते मी बाबांच्या डोळ्यांनी बघितलं, कारण ते एकेक गोष्ट बोट दाखवून सांगत होते. वर पत्र्याचं उंच छप्पर, म्हणजे मासळी उतरवताना पाऊसही नाही आणि ऊनही नाही. खाली काँक्रीटची फरशी, तिला नेमका एवढाच उतार की पाणी टाकलं की नाल्यात जाईल, कुठे साचणार नाही. बर्फाच्या यंत्राचं तोंड असं बसवलेलं, की बर्फ थेट हौदात पडावा, फावड्याने दोनदा उचलावा लागू नये. स्टीलचं लांब टेबल कमरेएवढ्या उंचीचं. बाबा त्या टेबलापाशी बराच वेळ थांबले. "आई आयुष्यभर जमिनीवर बसून मासळी निवडायची," ते म्हणाले. "टेबल कंबरेला आलं की पाठ वाचते."

धक्क्याच्या कडेला जुने टायर टांगलेले, होडी घासू नये म्हणून. दोर बांधायचे लोखंडी खुंट, पाण्यात कुणी पडलं तर वर यायला भिंतीतच बसवलेली शिडी, तिच्याशेजारी तरंगणारं कडं. पलीकडे होडी वर ओढायचा उतार आणि चरखी. डिझेलची टाकी लांब, एकटी. जाळी पसरायला मोकळी जागा. आणि एक स्वच्छ संडास, बायकांचा वेगळा. हे मी मुद्दाम लिहितेय. आपल्याकडच्या किती बंदरांवर मासळी विकणाऱ्या बायका दिवस दिवस पाणी पीत नाहीत, ते मला घरातून माहीत आहे.

जपानात अशी पावणेतीन हजारांहून अधिक मासेमारी बंदरं आहेत. त्यांच्यासाठी १९५० साली स्वतंत्र कायदा झाला. युद्धानंतर देश उपाशी होता, तेव्हाचा तो काळ. त्या कायद्याने बंदरांचे चार प्रकार केले: फक्त आसपासच्या होड्यांचं, जरा मोठ्या टापूचं, सगळ्या देशातल्या होड्या येतात ते, आणि चौथं दूरच्या बेटांवरचं किंवा वादळात आसऱ्याला धावायचं. देशभराच्या होड्या येतात त्यांतलीही अगदी महत्त्वाची तेरा वेगळी काढली आहेत. मला यातली चौथी वर्गवारी फार आवडली. आसरा हेच एखाद्या बंदराचं काम असू शकतं, हे कायद्यात लिहून ठेवलेलं आहे.

उजाडता उजाडता होड्या परतल्या. आणि बाबांना ज्याची सगळ्यात उत्सुकता होती ते मला अखेर नीट कळलं, ते म्हणजे जाळं.

आमची डोल ओढीवर चालते. भरती-ओहोटीच्या ओढीत पिशवीसारखं जाळं तोंड उघडून उभं करायचं, पाणीच मासळी आत आणून टाकतं. ओढ मेली की डोल मेली. मग जिथे भरतीच नाही तिथे जाळं कशाच्या जोरावर? एका तरुण खलाशाने ओल्या फरशीवर बोटाने चित्र काढून दाखवलं. किनाऱ्यापासून खोल पाण्याकडे जाळ्याची एक लांब भिंत. मासा किनाऱ्याने चालला की भिंत आडवी येते. मासा घाबरला की खोल पाण्याकडे वळतो, हा त्याचा स्वभाव. भिंतीच्या कडेकडेने तो जातो तो थेट एका मोठ्या अंगणात. तिथे गोल गोल फिरतो, मग चढणीच्या जाळ्यावरून शेवटच्या खोलीत उतरतो. परतीची वाट उघडीच असते. बरेचसे मासे आल्या वाटेने निघूनही जातात. जे सकाळपर्यंत राहिले ते आपले.

मी भाषांतर करत होते, पण बाबांना माझी गरज उरली नव्हती. त्यांनी त्याच फरशीवर शेजारी डोलीचं चित्र काढलं. दोन खुंट, तोंड, निमुळती होत गेलेली पिशवी. आणि हाताने पाणी वाहतं तसं दाखवलं. तो मुलगा वाकून बघत राहिला. मग त्याने आपल्या चित्रातल्या माशावर बोट ठेवलं आणि बाबांच्या चित्रातल्या पाण्यावर. इथे मासा चालतो, तिथे पाणी चालतं. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला त्या क्षणी आजोबांची फार आठवण आली.

होडीतून मासळी उतरायला लागली. बांगडे, माकूल, एक-दोन जातींचे मला ओळखू न येणारे लालसर मासे, आणि बुरी. बुरी म्हणजे इनेचा हिवाळा. निळसर पाठ, अंगावरून डोळ्यापासून शेपटीपर्यंत गेलेला पिवळा पट्टा, मांडीएवढा जाड. हा मासा वाढेल तसं त्याचं नाव बदलतं. ओसाकाकडे लहान असताना त्सुबासु, मग हामाची, मग मेजिरो, आणि पुरता वाढला की बुरी. माणसं मोठ्या बुरीविषयी बोलताना आवाज जरा खाली आणतात, घरातल्या वडीलधाऱ्याविषयी बोलावं तसं.

एकाने बुरी उचलून टेबलावर ठेवला, डोळ्यामागे टोकदार हत्यार एकदाच टोचलं, कल्ल्याखाली सुरी फिरवली आणि बर्फाच्या पाण्यात सोडला. सगळं मिळून दहा सेकंद. मासा तडफडला की मांस बिघडतं, म्हणून त्याला तडफडू द्यायचं नाही. रक्त निघून गेलं पाहिजे, म्हणून हृदय थांबायच्या आत नस कापायची. बाबा म्हणाले, "हात बघ त्याचा." मी बघितला. घाई नव्हती आणि उशीरही नव्हता.

मग बादल्या आल्या. गावातल्या म्हाताऱ्या बायका, एखादे आजोबा, हॉटेलवाला एक तरुण, प्रत्येकाच्या हातात बादली. याला 'हामाउरी' म्हणतात, किनाऱ्यावरची विक्री. मोठा माल ट्रकवर चढण्याआधी गावाने आपल्या घरापुरतं घेऊन जायचं. बोट दाखवायचं, वजन व्हायचं, पैसे द्यायचे, बादली भरायची. ओबासाननी चार बांगडे आणि एक माकूल घेतलं. कुणी घासाघीस केली नाही, पण दोन बायका मासळी उलटीपालटी करून, कल्ला उघडून लाल आहे का ते बघून मगच हो म्हणाल्या. ते बघून बाबांचा चेहरा खुलला. इतक्या दूर येऊन त्यांना घरचं माणूस भेटलं होतं.

अर्ध्या तासात ट्रक निघाला. समुद्राच्या पाण्याची पाइप फिरली, फरशी धुतली गेली. खवल्याचा एक कण उरला नाही. आमची दोन चित्रंही वाहून गेली.

तिसरा दिवस

वादळ. पहाटे तीनला असा काही गडगडाट झाला की खिडकीची काच थरथरली. सकाळी ओबासान मात्र खुशीत. हिवाळ्याच्या तोंडी असा गडगडाट झाला की बुरी जागा होतो म्हणतात, 'बुरी-ओकोशी'. आता मासळी लागेल. होड्या गेल्या नाहीत. फेरीबोटही बंद.

आम्ही छत्र्या घेऊन गावातून चाललो. गावात एकच रस्ता. त्याच्या एका अंगाला फुनाया, दुसऱ्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी राहतं घर, त्याला 'ओमोया' म्हणतात. एकाच कुटुंबाची ही दोन घरं. हा रस्ता जुना नाही. १९३१ ते १९४० या काळात तो झाला. त्याआधी शेजारी जायचं तर होडीने, नाहीतर घरांच्या वळचणीखालून. रस्त्याला जागा हवी म्हणून होडीची घरं समुद्राकडे सरकवली आणि मधे भराव टाकला. त्या सुमाराला बुरी भरपूर लागला होता, हाती पैसा होता, म्हणून पुष्कळांनी गवती छपरांची घरं पाडून दुमजली बांधली. वरचा मजला आधी जाळी आणि दोर ठेवायचा. पुढे तिथे मुलांच्या संसाराची खोली झाली, आता पाहुण्यांची.

२००५ साली सरकारने या गावाला जुन्या वास्तूंचा संरक्षित परिसर ठरवलं. मासेमारीच्या गावाला असा मान मिळण्याची देशातली ती पहिलीच वेळ. त्या हद्दीत घरांबरोबर खाडीचं पाणी, आओशिमा बेट आणि मागचं जंगलही आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. पाणी वगळून या घरांना काय अर्थ उरला असता!

गावात १७५४ सालापासूनची दारूची भट्टी आहे, अगदी समुद्राला लागून. तिथे लाल जातीच्या जुन्या तांदळाची साके करतात, रंगाने कोकमच्या सरबतासारखी. तिची कृती बसवणारी मुख्य कारागीर एक बाई आहे, जपानात या धंद्यात ते विरळाच. बाबांनी एक घोट घेतला, आईसाठी बाटली घेतली नाही, बहिणीसाठी घेतली.

रात्री बुरी-शाबू. मंद उकळत्या पाण्यात समुद्री शेवाळाचा तुकडा, आणि माशाचा पातळ काप त्यात दोनदा हलवून लगेच तोंडात. बाबा कच्च्या माशाला हात लावत नव्हते, पण हा त्यांनी खाल्ला. कडा पांढऱ्या, मधला भाग गुलाबी. तेल इतकं, की पाण्यावर सोनेरी ठिपके तरंगायला लागले. त्यांनी तांदळाची शिते टाकून तेच पाणी शेवटी पेजेसारखं प्यायलं. ओबासान म्हणाल्या, आमच्याकडेही शेवट असाच करतात.

चौथा दिवस

आकाश धुतल्यासारखं निळं. सकाळी डोंगरावरच्या बागेत चढलो. तिथून सगळी खाडी दिसते, घोड्याच्या नालासारखी, कडेने घरांची झालर. खाडीवर घारी घिरट्या घालत होत्या. आपल्याकडची काळी घार, तीच. ससून डॉकवर फिरते तीच. बाबांनी तिला लगेच ओळखलं.

खाली येताना एक गोष्ट मनाला लागली. कित्येक फुनायांच्या दाराशी चार भाषांत पाट्या आहेत, हे राहतं घर आहे, आत येऊ नका. आमच्या डोळ्यांदेखत दोन प्रवासी एका उघड्या फुनायात शिरले आणि होडीवर बसून फोटो काढायला लागले. आतून एक आजोबा आले आणि काही न बोलता उभे राहिले. लोक निघून गेले, पण त्या आजोबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. समुद्राकडून भिंत नाही याचा अर्थ दार नाही असा होत नाही. इनेला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझी कळकळीची विनंती आहे, विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. विचारलंत तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात.

दुपारच्या बसला तास होता. ओबासान उताराशी उभ्या राहून पाण्यातला पिंजरा ओढत होत्या. या पिंजऱ्याला 'मोंदोरी' म्हणतात. स्वयंपाकघरातली मासळीची डोकी, आतडी त्यात टाकायची, घरासमोरच बुडवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. फ्रीजसारखाच, पण समुद्रातला. दोर ओला, जड. बाबांनी न विचारता हात लावला आणि त्यांनी न संकोचता दोराचं टोक सोडून दिलं.

पिंजऱ्यात दोन मासे होते, चामडी सोलूनच शिजवावे लागतात त्या चपट्या जातीचे. एक तळहाताएवढा, एक बोटाएवढा. ओबासाननी बोटाएवढा परत सोडला. बाबांनी दोराचं पाणी निथळू दिलं, कोपर आणि अंगठा यांत त्याचे वेढे घेतले, शेवटचा वेढा मधून काढून गाठ मारली आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावला. आजोबांची गाठ. टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. ओबासाननी ते टोक धरून ओढून बघितलं, दोर सुटला. त्यांनी तो बाबांच्या हातात परत दिला आणि पुन्हा करून दाखवा अशी खूण केली. बाबांनी सावकाश दाखवलं. तिसऱ्या वेळी ओबासाननी स्वतः बांधला.

बस आली तेव्हा त्या रस्त्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "इत्तेराश्शाई." मी बाबांना सांगितलं, घरातून बाहेर पडणाऱ्या घरच्या माणसाला इथे हे म्हणतात, 'जाऊन ये.'

बाबांनी चप्पल सरळ केली, हात जोडले आणि मराठीतच म्हणाले, "येतो हं."